“बाई, तुम्ही तीन आधी म्हणालात”

दुसरीच्या वर्गात मी ‘त्रेपन्न’ म्हटलं आणि एका मुलीनं पाटीवर 35 लिहिलं. पुसून परत लिही म्हटलं, तर पुन्हा 35. माझा आवाज चढणार, तेवढ्यात ती म्हणाली, “बाई, तुम्ही तीन आधी म्हणालात.” तिचं खरं होतं. ‘त्रे’ आधी, ‘पन्न’ नंतर. कानानं ऐकलं तसं हातानं लिहिलं. ‘गणितात कच्ची’ हा शिक्का आपण मारतो तो बहुतेकदा अशा लक्ष देऊन ऐकणाऱ्या मुलांवर.

याच अडचणीवर उपाय म्हणून 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत दिली गेली. त्यावरून विधानसभेपर्यंत वाद गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार शांतपणे समजावून सांगितला, तरी टिंगल थांबली नाही. त्या वेळचे आक्षेप आजही शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत ऐकू येतात. म्हणून त्यांचा एकदा नीट समाचार घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप : हा मराठीवर घाला आहे. मुळात पुस्तकातून ‘एकवीस’ काढलेलं नव्हतं, त्याच्या शेजारी ‘वीस एक’ ठेवलं होतं. शिवाय मोठा भाग आधी म्हणणं मराठीला परकं कुठं आहे? ‘एकशे पाच’, ‘दोन हजार चाळीस’ असंच आपण म्हणतो. गोंधळ होतो तो शंभराच्या आत. ‘एकशे त्रेपन्न’ ऐकताना मुलाला आधी शंभर, मग तीन, मग पन्नास ऐकू येतं आणि लिहायचं असतं 153. कन्नड मुलाला हा त्रास नाही, कारण ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे वीस आणि एक, त्याच क्रमानं. नॉर्वेनं तर 1951 साली शाळेत आणि सरकारी व्यवहारात दशक आधी म्हणायची पद्धत सुरू केली. त्यानं त्यांची भाषा बुडाली नाही. जुनी पद्धतही बोलण्यात टिकून राहिली.

दुसरा आक्षेप : आम्ही नाही का शिकलो? शिकलात, म्हणून तर बोलताय. जे तिसरी-चौथीतच मनानं वर्गाबाहेर गेले, त्यांना हा प्रश्न कुणी विचारला? ज्या घरात आजी जेवताना पाढे म्हणून घेते, तिथलं मूल तरून जातं. पण दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जाणारं मूल, किंवा घरी पावरी, गोंडी बोलणारं मूल ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ पहिल्यांदा ऐकतं ते शाळेतच. त्यातही एकोणनव्वदपर्यंत चालणारा ‘एकोण’चा नियम नव्व्याण्णवला मोडतो. त्या मुलाला बुद्धी कमी नसते, त्याच्यापुढची चढण जास्त असते.

तिसरा आक्षेप : असे लाड केले तर पातळी घसरेल. पातळी घसरते ती अडचण वेळेवर न सोडवल्यानं. एकक-दशक कळलं नाही की हातचा कळत नाही. मग 62 मधून 38 वजा करताना मूल खालच्या आठातून वरचे दोन काढतं आणि 36 लिहून मोकळं होतं. त्याच्यावर भागाकार लादला जातो, पुढं बीजगणित. शेवटी दहावीत आपण सवलतीवर येतो. 2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण असले तरी शेरा देऊन पुढे जाऊ देण्याचा विचार मांडला गेला. दुसरीत दिलेल्या मदतीला लाड म्हणणाऱ्यांनी दहावीतल्या या सवलतीची वेळ का येते, याचा विचार करावा.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. बाजारात भाजीवाली ‘पंच्याहत्तर’च म्हणणार. ‘सात नवे त्रेसष्ट’ची लय ‘साठ तीन’नं येणार नाही. पाढे पाठ असायलाच हवेत. म्हणून जुनी नावं ठेवायचीच, फक्त त्यांच्यापर्यंत पोचायची पायरी बांधायची.

ती पायरी स्वस्त आहे. काड्या आणि रबर. दहा काड्यांचा एक गठ्ठा. आधी पाच गठ्ठे आणि तीन सुट्ट्या हातात घ्यायच्या, मग ‘पन्नास तीन’ म्हणायचं, मग ‘त्रेपन्न’, आणि सगळ्यात शेवटी 53 लिहायचं. 62 मधून 38 द्यायचे असतील तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. हातचा म्हणजे काय, हे तेव्हा बोटांना कळतं. चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्याआधी ‘कसं काढलंस?’ एवढं विचारायचं. गाणी, रंगीत तक्ते, खेळण्यातल्या नोटांचं दुकान हे सगळं जरूर असावं, पण गोडी त्यानं लागत नाही. गोडी लागते ती ‘मला जमलं’ या क्षणाला, आणि तो क्षण मागे पडलेल्या मुलाच्या वाट्याला आणणं हेच आमचं काम आहे. 2021 साली सुरू झालेलं निपुण भारत अभियान तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अंकज्ञान देण्याचं उद्दिष्ट ठेवतं. ते वर्गात उतरेल तर असंच, एकेका चुकीचं कारण शोधत.

त्या मुलीनं पाच गठ्ठे, तीन काड्या मांडल्या आणि 53 लिहिलं. मग स्वतःहून काड्या वाढवत गेली. पाच गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या झाल्यावर थांबली. “बाई, याला एकोणसाठ म्हणतात ना? मग यात साठ कुठंय?”

मी तिच्या हातात आणखी एक काडी आणि एक रबर दिलं.