सही त्याची, संसार तिचा

आमच्या गटाच्या अभ्यासबैठकीत मध्यंतरी एक वाद झाला. विषय होता रशियाच्या सैन्यात भरती झालेल्या नेपाळी आणि भारतीय तरुणांचा. त्यांच्या घरच्यांनी काठमांडूत निदर्शने केली, निवेदने दिली. ते ऐकून आमची एक मैत्रीण म्हणाली, "आपण युद्धाच्या विरोधात. पैशासाठी परक्या देशाची बंदूक उचलणाऱ्या पुरुषांच्या पेन्शनची आणि नुकसानभरपाईची काळजी आपण कशाला करायची?"

प्रश्न रास्त आहे, तो टाळून चालणार नाही. पण उत्तर देण्याआधी एका देशाच्या सैन्यातून दुसऱ्या देशाच्या सैन्यात जाणे म्हणजे काय असते, ते बाईच्या बाजूने पाहू या.

सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. 1947 साली भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात करार झाला. इंग्रजांच्या हिंदी सैन्यात गुरख्यांच्या दहा रेजिमेंट होत्या. त्यांतल्या सहा भारताकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनच्या वाट्याला आलेल्या पलटणींतल्या जवानांना विचारण्यात आले की ब्रिटनकडे जाता, भारतात राहता की घरी जाता? अनेकांनी भारत निवडला, म्हणून पुढे अकरावी गोरखा रायफल्स उभी राहिली. नेपाळचा माणूस, काल इंग्रजांचा शिपाई, आज भारताचा किंवा ब्रिटनच्या राजाचा. दोन्हीकडे परकाच.

निदान त्याला विचारले तरी गेले. डोंगरातल्या गावात शेत, गुरे, सासू-सासरे आणि मुले सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोला कोणी विचारले? परदेशी पलटणीत जाणाऱ्याला नेपाळात 'लाहुरे' म्हणतात. लाहोरला रणजितसिंहांच्या फौजेत जाणाऱ्यांवरून तो शब्द आला. म्हणजे ही वाट पाहणे दोनशे वर्षांचे आहे.

ब्रिटनकडे गेलेल्यांचा पगार आणि पेन्शन भारतीय सैन्याच्या दरांशी बांधले गेले. मलायात, बोर्निओत, हाँगकाँगमध्ये मरायचे ब्रिटनसाठी, पण म्हातारपण काढायचे नेपाळच्या खर्चाच्या हिशोबाने. पंधरा वर्षे नोकरी झाली नाही तर पेन्शनच नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीस हजारो गुरख्यांची कपात झाली. त्यांतले कित्येक थोडी रक्कम हातात घेऊन, पेन्शनविना घरी परतले. त्यांच्या आणि त्यांच्या विधवांच्या मदतीसाठी 1969 साली गुरखा वेल्फेअर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था निघाली. ती मदत करते हे चांगलेच आहे. पण मदत आणि हक्क यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. मदत मागताना मान खाली घालावी लागते.

आणखी एक नियम पाहा. साध्या गुरखा शिपायाला पंधरा वर्षांच्या नोकरीत साधारण एकदाच, दोन-तीन वर्षांसाठी बायकोला बरोबर ठेवता येई. शेजारच्या बराकीतल्या ब्रिटिश शिपायाला असे बंधन नव्हते. हा नियम या शतकाच्या पहिल्या दशकात जाऊन बदलला. 2009 साली मोठ्या चळवळीनंतर जुन्या गुरख्यांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मिळाला. पेन्शनचे मात्र अडलेच. 1997 पूर्वीची नोकरी ब्रिटिश शिपायाच्या बरोबरीने धरली जात नाही. 2016 साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्यांचे म्हणणे फेटाळले. 2021 साली लंडनमध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयासमोर तेरा दिवस उपोषण झाले.

फ्रान्सच्या परदेशी सैनिकांच्या फौजेची, फॉरिन लीजनची, तऱ्हा तर आणखी स्पष्ट. पाच वर्षांचा पहिला करार करताना माणूस विवाहित असला तरी त्याची भरती अविवाहित म्हणूनच होते. बाई जिवंत आहे, मुले आहेत, पण फाटकातून आत शिरताना संसार कागदावरून पुसला जातो. तीन वर्षांनी तो फ्रान्सच्या नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. त्या तीन वर्षांत घर कोणी चालवले, हे त्या कागदात कुठेच येत नाही.

या सगळ्या फौजांत निदान काही नियम आहेत, पेन्शनची कार्यालये आहेत. भारतीय सैन्यातल्या नेपाळी जवानाच्या विधवेला डोंगर उतरून पोखरा किंवा धरानच्या पेन्शन कार्यालयात जाता येते. आपल्या सातारा-कोल्हापूरच्या वीरपत्नीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे दार ठोठावता येते. दार उघडायला वेळ लागतो, पण दार आहे.

रशियाकडे गेलेल्यांच्या बायकांना दारच सापडत नाही. नेपाळ सरकारची परवानगी भारत आणि ब्रिटन या दोनच सैन्यांना आहे. त्यामुळे बाकीचे तरुण विद्यार्थी किंवा पर्यटक म्हणून, दलालाला कर्ज काढून पैसे देऊन गेले. 2023 च्या डिसेंबरात नेपाळने रशियाला आपली माणसे परत पाठवण्यास सांगितले आणि 2024 च्या जानेवारीत तिकडे कामाला जाण्याचे परवाने थांबवले. आपल्याकडचे तरुण मदतनिसाच्या नोकरीच्या आमिषाने नेले गेले आणि आघाडीवर पोचले. काही मेले. 2024 च्या मार्चमध्ये सीबीआयने दलालांवर गुन्हा दाखल केला, जुलैत पंतप्रधानांनी मॉस्कोत विषय काढला. पण घरी बसलेल्या बाईकडे कराराची प्रत नाही. असलीच तर ती रशियन भाषेत. नवरा जिवंत आहे की नाही हे कळत नाही, सावकार मात्र दर महिन्याला येतो. प्रेत मिळाले नाही तर ती सौभाग्यवतीही नाही आणि विधवाही नाही. जमीन तिच्या नावावर होत नाही, आणि सासरचे विचारतात, आता तुझे इथे काय काम?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळते. होय, आपण युद्धाच्या विरोधात आहोत. म्हणूनच या बायकांच्या बाजूने बोलायचे. परका शिपाई राज्यकर्त्यांना हवासा वाटतो तो स्वस्त पडतो म्हणून. आणि तो स्वस्त पडतो, कारण त्याच्या घराचा खर्च, आजारपण, म्हातारपण एक बाई फुकट उचलत असते. तिच्या श्रमाचे पूर्ण मोल द्यावे लागले, तर माणसे भाड्याने घेऊन लढाया करणे इतके सोपे राहणार नाही.

म्हणून आपण मागायला हवे ते असे. परदेशी सैन्याशी होणाऱ्या कराराची प्रत, तिला कळेल त्या भाषेत, बायकोच्या हातात पडलीच पाहिजे. पगाराचा ठरावीक भाग थेट तिच्या खात्यात यावा. वारस म्हणून तिची नोंद तिला न कळवता बदलता येऊ नये. माणूस बेपत्ता असेल तर दोन्ही सरकारांनी ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे, आणि तोवर तिला निर्वाहभत्ता मिळावा.

पुण्या-मुंबईत आपल्या इमारतींच्या तळमजल्यावर अनेक नेपाळी कुटुंबे राहतात. रखवालदाराच्या बायकोला 'बहादूरची बायको' यापलीकडे आपण ओळखतो का? तिचा भाऊ, तिचा दीर कुठे आहे, हे कधी विचारतो का? गटाच्या पुढच्या बैठकीला तिला बोलवू या, आणि आधी तिचे नाव विचारू या.