विझलेला दिसणारा निखारा

थंडी पडली की सोसायट्यांच्या गच्च्यांवर बार्बेक्यू सुरू होतात. लोखंडी शेगडी हल्ली घरपोच मिळते. कोळसे, मसाला लावलेले चिकन-पनीर आणि चार मित्र असले की पार्टी जमते. डिसेंबरच्या अखेरीस तर घरोघरी हाच बेत असतो. त्यात गैर काही नाही. पण अशा पार्टीतून थेट जळीत कक्षात आलेल्या रुग्णांना हकिगत विचारली की एक वाक्य हमखास ऐकू येते, “डॉक्टर, कोळसे तर विझले होते!”

अपघाताचे मूळ याच समजात आहे. कोळशावर राखेचा पांढरा थर चढला की तो थंड झाल्यासारखा दिसतो. आत मात्र त्याचे तापमान काही शे अंश असू शकते. अशा वेळी शेगडी पुन्हा पेटावी म्हणून कोणी पेट्रोल, थिनर, स्पिरिट किंवा सॅनिटायझर ओततो. पेट्रोलची वाफ तर शून्याखाली 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. ही वाफ गरम कोळशांवर साचते आणि एकदम भडकते. ज्वाळा उलट बाटलीत शिरते आणि पेटलेले इंधन समोर उभ्या असलेल्यांच्या अंगावर उडते. म्हणूनच बाटली धरणाऱ्याइतकाच समोर बसलेला पाहुणा किंवा लहान मूलही भाजते. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलची ज्योत इतकी फिकट असते की उजेडात दिसतही नाही. पेटत्या शेगडीत कोणताही द्रव ओतायचा नाही, हा पहिला नियम. कोळसे मंदावले तर पुठ्ठ्याने हलका वारा घालावा.

दुसरा धोका ठिणगीचा. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईतल्या कमला मिल आवारात गच्चीवरील पबना लागलेल्या आगीत 14 जणांचा बळी गेला. हुक्क्यासाठी वापरलेल्या निखाऱ्यांची ठिणगी पडद्याला लागून आग भडकली, असा निष्कर्ष अग्निशमन दलाच्या चौकशीत निघाला. आपल्या गच्चीवरही निळी ताडपत्री, हिरवी शेडनेट, पावसाळी शेड, वाळत घातलेले कपडे असतातच. शेगडी यांपासून निदान दहा फूट लांब हवी. बाल्कनीत तेवढी जागा नसते, त्यामुळे तिथे कोळसा पेटवूच नये.

महाराष्ट्रात 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याने इमारतीतील आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. पण प्रमाणपत्र यंत्रणेचे असते, गच्चीवर रात्री पेटलेल्या शेगडीवर लक्ष ठेवण्याचे काम रहिवाशांचेच. गच्चीचे दार उघडे, पाण्याचा पाइप जोडलेला, वाळूची बादली जवळ आणि शेगडीपाशी मद्य न घेतलेला एक जबाबदार माणूस, एवढ्या अटी सोसायटीने घालाव्यात. नायलॉनचे कपडे, सैल ओढणी शेगडीजवळ नको.

तिसरा धोका पार्टी संपल्यावरचा. राख तशीच प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकली जाते किंवा झाडाखालच्या पाचोळ्यावर ओतली जाते, आणि पहाटे तिथून धूर येतो. कोळशांवर पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतावे. पाणी ओतताना वाफ उसळते, म्हणून तोंड लांब ठेवावे. मग राख लोखंडी बादलीत दिवसभर राहू द्यावी. ऊब मिळावी म्हणून ‘विझलेली’ शेगडी बंद खोलीत तर मुळीच नेऊ नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपेतच माणूस दगावतो.

एवढी काळजी घेऊनही कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. भाजलेल्या जागेवर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. सूज येण्याआधी अंगठ्या, बांगड्या काढाव्यात. त्वचेला चिकटलेला कपडा ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. त्याने जखम चिघळते आणि किती खोल भाजले आहे हे आम्हाला कळत नाही. नंतर स्वच्छ चादरीने झाकून रुग्णालय गाठावे. चेहरा भाजला असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा नाकातले केस जळले असतील, तर श्वासनलिका सुजून काही तासांत श्वास बंद पडू शकतो. अशा रुग्णाला सकाळपर्यंत घरी ठेवणे जिवावर बेतते. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका आणि 101 वर अग्निशमन दल मिळते.

भाजल्याची जखम महिन्यांत भरते, पण आखडलेली बोटे आणि चेहऱ्यावरचे व्रण वर्षानुवर्षे सोबत राहतात. शेगडी पुन्हा पेटायला दहा मिनिटे लागत असतील, तर लागू द्यावीत.