मनाचा डाव

खेळात हातपाय दिसतात, मन दिसत नाही. पण डाव सावरते नि मोडते तेच! डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला आपला संघ अवघ्या ३६ धावांत गारद झाला. पुढच्या मेलबर्न कसोटीत कर्णधार होता नगर जिल्ह्यातील आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे. त्याने शतक ठोकले. आणि ११२ वर असताना, जडेजाच्या अर्धशतकाच्या घाईत, स्वतः धावचीत झाला! संतापायचे सोडून त्याने जाता जाता जडेजालाच धीर दिला. मनात सलणारी चूक दुसरीला आवतण देते, नाही का? जडेजाने अर्धशतक पुरे केले. सामना आपण आठ गडी राखून जिंकला.

घरचे चिरंजीव शून्यावर बाद होऊन आले, तर आधी पान वाढावे. हिशेब मागाहून!