वेटरचं पॅकेज

मुंबईहून गोव्याला निघालेला ग्रुप नाश्त्याला कुठे थांबतो? बहुतेकदा आमच्या चिपळूणला! परशुराम घाट उतरेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागलेले असतात. बहादूरशेख नाक्याच्या आसपास गाडी लागते, मिसळ येते, चहा येतो, कोणीतरी क्यूआर कोड स्कॅन करतं आणि मंडळी पुन्हा गाडीत. या सगळ्यात प्लेट आणून देणाऱ्या मुलाचा चेहरा कुणाला आठवतो?

आपण मित्रमंडळी भेटलो की सीटीसी, हाइक आणि 'हातात किती येतात' यापलीकडे गाडी जात नाही. हाच प्रश्न हायवेवरच्या वेटरला विचारून बघा. उत्तर एका आकड्यात येतच नाही. अमुक इतके रोख, जेवूनखाऊन, झोपायला वरची खोली आणि टिप मिळेल ती. म्हणजे हेही पॅकेजच की! फक्त ऑफर लेटर नाही.

आता यातला 'जेवूनखाऊन' हा शब्द जरा उलगडू या. महाराष्ट्रात हॉटेल-खानावळींना किमान वेतन फार पूर्वीपासून लागू आहे. महागाईप्रमाणे त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. 21 नोव्हेंबर 2025पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली. पगाराऐवजी वस्तूरूपात काही दिलं तर ते एकूण वेतनाच्या 15 टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येतं, असं ती सांगते. म्हणजे दोन वेळचा भात-आमटी आणि एक गादी दाखवून अर्धा पगार गिळता येत नाही. ओव्हरटाइमलाही दुप्पट दर आहे. पण सकाळी सहाला शटर उघडणारा आणि रात्री अकराला टेबलं पुसणारा मुलगा हे तास लिहून ठेवणार कुठे? हजेरीची वही मालकाकडे असते.

मालक सगळे व्हिलन आहेत असं मुळीच नाही हं. छोट्या खानावळीत मालक स्वतःच तव्यापाशी उभा असतो. 22 जुलै 2021च्या पुरात बाजारपेठ बुडाली, तेव्हा अनेकांचे फ्रीज, धान्य, फर्निचर सगळंच गेलं. पंचनामे दुकानांचे आणि मालाचे झाले. कामगाराचे बुडालेले दिवस मात्र चिखलासारखे झाडून टाकता येत नाहीत. त्याच्या घरी मनीऑर्डरची जागा आता फोनवरच्या ट्रान्सफरने घेतली असली, तरी वाट तशीच पाहिली जाते.

आणि टिप? ते आपल्या भाषेतलं 'व्हेरिएबल पे'. मे महिना आणि गणपतीत बरं, ऐन पावसात ठणठणाट. 2016मध्ये एका बड्या हॉटेल कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की ग्राहकाने दिलेली टिप हा पगार नव्हे, मालक फक्त ती पोचवतो. निकाल टीडीएसबद्दल होता, पण मला त्यातली ही फोड आवडते. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालक तासाला 2.13 डॉलर देऊन मोकळा होऊ शकतो, बाकीची भर टिपने पडली म्हणजे झालं. हा आकडा 1991पासून हललेला नाही! आपल्याकडे तशी सोय नाही. किमान वेतन मालकानेच द्यायचं, टिप त्यावर.

शहरातल्या रेस्टॉरंटमध्ये बिलावर छापलेला सर्व्हिस चार्ज हा आणखी वेगळा प्रकार. तो सक्तीने लावता येणार नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022मध्ये सांगितलं आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025मध्ये उचलून धरलं. तो आपण काढायला लावतो तेव्हा छान वाटतं (मलाही!), पण वाचलेल्या पैशातले दहा-वीस तरी वेटरच्या हातावर ठेवतो का आपण?

नाक्यावरच्या मुलांशी गप्पा मारल्या की एकच सूर निघतो: स्कॅनर आला आणि सुट्टे गेले. पूर्वी बडीशेपेच्या वाटीत राहणारे दहा रुपये आता राहत नाहीत. बिल पैशासकट नेमकं भरलं जातं आणि तेही मालकाच्या खात्यात. एका हॉटेलात मात्र काउंटरवर, क्यूआर कोडच्या शेजारीच, झाकणाला चीर पाडलेला स्टीलचा डबा ठेवलाय. रात्री तो उघडतात आणि मागे मोरीत भांडी घासणाऱ्या मावशींचाही त्यात सारखा वाटा असतो. गिऱ्हाइकाने त्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नसतं.