बंद म्हणजे बंद

सात नंबरच्या डिस्क्रिप्टरवर एक क्लायंट जोडलेला आहे. तिथे काही आलं की कळव, असं आपण लिनक्सच्या ई-पोलला सांगून ठेवलंय. मधेच एका लायब्ररीने फोर्क केला. चाइल्ड प्रोसेस जन्मली आणि आपले सगळे उघडे डिस्क्रिप्टर तिच्याकडेही गेले. क्लायंटचं काम संपलं. आपण सात नंबर क्लोज केला, त्याच्यासाठी घेतलेली मेमरी सोडून दिली. थोड्या वेळाने पलीकडच्या क्लायंटने कनेक्शन तोडलं आणि ई-पोलने आपल्याला उठवलं: सातवर घटना आहे. नोंदीसोबत ठेवलेला पॉइंटर आता सोडलेल्या मेमरीकडे बोट दाखवतोय. नोंद काढायला जावं तर कर्नल ‘ई-बॅड-एफ’ म्हणतो, असा डिस्क्रिप्टरच नाही. तोवर सात नंबर नव्या क्लायंटला मिळाला असेल, तर ‘ई-नो-एंट’, अशी नोंदच नाही. घटना मात्र थांबत नाहीत, आणि ‘टॉप’मध्ये प्रोसेस १०० टक्क्यांवर जाऊन बसते. चाइल्डने आपली प्रत बंद करेपर्यंत थांबायचं, नाहीतर अख्खा ई-पोल मोडून हजारो नोंदी पुन्हा करायच्या. दुसरी सोपी वाट नाही.

याला प्रोग्रामरची चूक म्हणायला माझी तयारी नाही. डिस्क्रिप्टर हा नुसता आकडा असतो. त्याच्यामागे कर्नलच्या पोटात ‘ओपन फाइल डिस्क्रिप्शन’ नावाची खरी वस्तू असते, आणि डुप (डिस्क्रिप्टरची प्रत) किंवा फोर्क केलं की अनेक आकडे त्या एकाच वस्तूकडे जातात. ई-पोल आपल्याकडून आकडा घेतो, पण नोंदीचं आयुष्य त्या वस्तूला बांधतो. शेवटची प्रत मिटेपर्यंत नोंद जिवंत. म्हणजे नोंद करताना एक भाषा, मिटवताना दुसरी. ई-पोलच्या मॅन्युअलमध्ये हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारलेला आहे: डिस्क्रिप्टर बंद केला की नोंद जाते का? उत्तर ‘हो’ने सुरू होतं आणि लगेच अटीवर येतं. ज्या क्रियेचं नावच ‘क्लोज’ आहे, तिला अशी अट लागावी हीच मूळ गफलत आहे.

बरं, हे आधी कुणाला सुचलं नव्हतं असंही नाही. २००० साली फ्रीबीएसडीत हेच काम करणारा जोनाथन लेमन यांचा के-क्यू आला. त्यात डिस्क्रिप्टर बंद केला की त्याच्या नोंदी तिथल्या तिथे जातात, आणि खुद्द के-क्यू फोर्कमधून चाइल्डकडे आपोआप जात नाही. ई-पोल लिनक्सच्या २.५ मालिकेत आला २००२ मध्ये. योग्य उत्तर दोन वर्षं समोर होतं.

दर क्लोजला ई-पोलच्या नोंदींची अशी झडती घ्यायची तर वेळ जाईल, हा आक्षेप येतो. पण कर्नल आजही प्रत्येक क्लोजला थांबतो: पोझिक्स लॉक सोडवतो, डी-नोटिफायच्या नोंदी काढतो. त्यातली लॉकची तऱ्हा तर नेमकी उलटी. एकच फाइल दोनदा उघडून त्यातला कुठलाही एक डिस्क्रिप्टर बंद केला, की त्या फाइलवरचे आपल्या प्रोसेसचे सगळे लॉक सुटतात. एकीकडे मागितल्यापेक्षा जास्त सुटतं, दुसरीकडे मागितलेलंही सुटत नाही. खरी अडचण वेगळी आहे. ई-पोलच्या नोंदीत वस्तू आणि आकडा असतो. आकडा कोणत्या प्रोसेसचा, हे नसतं. चाइल्डने आपला सात बंद केला तर आपली नोंद जाता कामा नये, आणि तेवढं ओळखायचं तर मालकाचंही नाव लिहावं लागेल. काम किचकट आहे, पण अशक्य नाही.

जुनी वागणूक बदलू नका. तिच्यावर चालणारे प्रोग्राम मोडतील आणि लिनक्स ते सहसा करत नाही, ते बरोबरच आहे. पण नवा फ्लॅग देता येतो. एकाच सॉकेटवर वाट पाहणाऱ्या सगळ्या प्रोसेस एका कनेक्शनसाठी खडबडून उठत, त्यावर २०१६ मध्ये ४.५ आवृत्तीत ‘ई-पोल-एक्स्क्लूझिव्ह’ दिलाच की. तसाच एक, मागेल त्याला, क्लोजबरोबर नोंद काढणारा फ्लॅग द्या.

तो मिळेपर्यंत क्लोज उघड्यावर लिहू नका. एकच फंक्शन ठेवा, त्यात आधी ई-पोलमधून नोंद काढा, मग क्लोज करा. प्रत्येक सॉकेट ‘क्लो-एक्झेक’ लावूनच उघडा. मात्र ‘क्लो-एक्झेक’ एक्झेक होताना, म्हणजे चाइल्ड दुसरा प्रोग्राम चालवायला घेते तेव्हाच, लागू पडतो. चाइल्ड एक्झेक न करता नुसती फिरत राहिली, तर तिच्या हातातला सात नंबर उघडाच असतो.