नोंद चालकाची, मग मालकाची का नाही?

कसारा घाटात रेल्वे आणि महामार्ग एकाच डोंगरातून चढतात. रेल्वेचा लोको पायलट ड्यूटीवर हजर होताना लॉबीतल्या यंत्रात फुंकर मारतो, त्याची नोंद होते आणि मगच तो इंजिनावर चढतो. विमानाच्या पायलटालाही ही तपासणी चुकत नाही. पण त्याच डोंगरातल्या महामार्गावर वीस-पंचवीस टन माल घेऊन जाणाऱ्या ट्रकच्या चालकाला निघण्यापूर्वी कोणी काही विचारत नाही. रात्री नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर अडवलं, नाहीतर गाडी थेट नाशिक.

हा विषय आरोग्याच्या पानावर घेण्याचं कारण सरळ आहे. शहापूर-मुरबाडच्या आपल्या वस्त्यांत चालक किंवा क्लीनर नाही अशी आळी शोधावी लागेल. कोणी आसनगावहून माल उचलतो, कोणी मुरबाड एमआयडीसीतून, कोणी पडघा-भिवंडीच्या गोदामांबाहेर नंबर लागेपर्यंत रात्रभर गाडीतच पडून असतो. तानसा, आटगाव, खर्डीकडची पोरं तर मिसरूड फुटायच्या आत क्लीनर म्हणून चढतात आणि बाटलीची ओळख बहुधा तिथेच होते.

कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कलम १९ नुसार सराईत दारुड्याला किंवा अमली पदार्थांच्या व्यसनीला परवान्यासाठी अपात्र ठरवता येतं. पण सराईत आहे हे ठरवायचं कशावरून? एका मालकाने पिण्यावरून काढलेला चालक आठवड्याने दुसऱ्याची गाडी चालवतो. त्याची नोंद कुठेच नाही, त्याच्यावर उपचार झाले का याचीही नाही. आणि मालकाने गाडीची चावी देण्याआधी तपासणी केलीच पाहिजे, असं बंधन त्याच्यावर नाही. गुन्ह्याला साथ दिली म्हणून कलम १८८ त्याला लागू शकतं, पण ते सिद्ध कोण करणार?

अमेरिकेत ६ जानेवारी २०२० पासून ट्रक-बसचालकांसाठी ‘क्लिअरिंगहाऊस’ नावाची सरकारी नोंदवही आहे. तिथे मालकाला आधी स्वतःचं नाव नोंदवावं लागतं. चालक कामावर घेण्यापूर्वी त्याची नोंद पाहायची, पुढे वर्षातून एकदा तरी पाहायची. तपासणीत नशा आढळली किंवा चालकाने तपासणी नाकारली, तर ते नोंदलं जातं आणि त्याची गाडी थांबते. नोव्हेंबर २०२४ पासून अशा चालकाचा जड वाहनाचा परवानाही जातो. मात्र परतीची वाट ठरलेली आहे: तज्ज्ञाकडून तपासणी, सांगितलेले उपचार, मग स्वच्छ अहवाल, आणि कामावर परतल्यावर पहिल्या बारा महिन्यांत किमान सहा अचानक तपासण्या. आम्हाला सगळ्यात पटली ती एकट्या मालक-चालकाची सोय. स्वतःच मालक, स्वतःच चालक, मग अचानक तपासणी कोण करणार? म्हणून त्याला अनेकांच्या एका गटात नाव घालावं लागतं आणि नावं गट काढतो. कर्जावर एक टेम्पो घेतलेले आपल्याकडे किती आहेत, मोजून पाहा.

अशी नोंदवही इथे हवी, असं आमचं मत आहे. वस्तीत हे बोललो की लगेच उत्तर येतं, “ताई, यात आमचीच पोरं अडकतील. मालकाला काढून टाकायला कागद मिळेल.” ही भीती खोटी नाही. आपल्या माणसाच्या नावावर शिक्का मारायला या देशात कोणाला कधी वेळ लागलेला नाही. म्हणून आमचं म्हणणं असं, की नोंद आधी मालकाची आणि माल देणाऱ्या कंपनीची व्हावी. किती गाड्या, किती चालक, निघण्यापूर्वी तपासणी झाली का, आणि चालक किती तास स्टिअरिंगवर होता, हे सगळं त्यांनी लिहून द्यावं. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणण्याचं विधेयक मांडलं. मोटार कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाचे आठ तास ठरवले. सोळा तास जागवणारा मालक तासांबद्दल गप्प राहणार आणि फुंकर मात्र चालकाचीच मोजणार, हे आम्हाला मान्य नाही. चालकाची नोंद त्याला स्वतःला पाहता आली पाहिजे, चुकीची असेल तर दुरुस्त करून घेता आली पाहिजे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं तरी लघवीच्या तपासणीत अफूवर्गीय पदार्थ दिसू शकतो, तेव्हा डॉक्टरने चिठ्ठी पाहिल्याशिवाय कोणाला नशेबाज ठरवू नये. गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो नशा उतरल्यावरही कित्येक दिवस दिसतो. उलट रस्त्यावरच्या फुंकरीच्या यंत्राला गांजा-अफू कळतच नाही.

आता घरच्यांसाठी. रात्री अकराला एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर व्हिस्की किंवा रम, घेतलेल्या साठ किलोच्या माणसाच्या रक्तात दारू साधारण १५० मिलिग्रॅमपर्यंत चढते. लिव्हर तासाला पंधराच्या आसपास उतरवतं. पहाटे चारला गाडी काढली तर अजून सत्तरच्या पुढे आहे, कायद्याच्या हद्दीच्या दुपटीहून जास्त. “झोपलो ना पाच तास” हे उत्तर म्हणूनच चालत नाही. चहा, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ, यांनी डोळे उघडतात, दारू उतरत नाही.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने तपासणीच्या धाकाने एकदम सोडली, तर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, फिटही येऊ शकते. स्टिअरिंगवर फिट आली तर काय होईल ते लिहायला नको. पंचशीलातलं पाचवं शील पाळायचा निश्चय केला असेल तर अभिमानच आहे, पण असा निश्चय करणाऱ्याला त्या आठवड्यात गाडीवर पाठवू नका, डॉक्टरकडे न्या. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी फोन मोफत आहेत.

आणि अपघात झालाच तर एक लक्षात ठेवा. “तो पिऊन होता, काही मिळणार नाही,” असं मालक दारात येऊन सांगतो आणि घरचे गप्प बसतात. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली तरतूद अशी आहे, की कामावर असताना चालकाचा मृत्यू झाला किंवा तो कायमचा पूर्ण अपंग झाला, तर तो नशेत होता या कारणावरून मालकाला भरपाई नाकारता येत नाही. त्यापेक्षा कमी दुखापतीत मात्र नाकारता येते. तेव्हा मालकाने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. एफआयआर आणि शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत, हजेरीचा किंवा पगाराचा पुरावा, गाडीचा नंबर, एवढं हातात ठेवा आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.