एका दिवसाची सरोवरयात्रा : तासांचा हिशेब

अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटल, बेलव्यू, रेडमंड या परिसरात, संगणकक्षेत्रात नोकरी करणारी मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे इथून आईवडील जातात आणि जुलै उजाडला की त्या घरांतून एक नाव कानी पडते : ‘एन्चँटमेंट्स’. कॅस्केड पर्वतराजीत, लेव्हनवर्थ या छोट्या गावाच्या वर, ग्रॅनाइटच्या कड्यांच्या कुशीत वसलेली ही सरोवरांची मालिका. छायाचित्रे पाहून कोणाचेही मन तिकडे धावावे अशीच ती आहे. मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, एका दिवसात होते.’’ होते हे खरे. परंतु कोणाला होते, किती तासांत होते आणि कोणत्या घटकेला परत फिरावे लागते, हे त्या वाक्यात कोठेच नसते.

एका दिवसाचा हा आग्रह मुळात कोठून आला, हे पाहण्याजोगे आहे. हा सारा प्रदेश 1976 साली ‘अल्पाइन लेक्स वाइल्डरनेस’ म्हणून संरक्षित झाला. तेथे रात्रीचा मुक्काम करावयाचा तर 15 मे ते 31 ऑक्टोबर या काळासाठी परवाना लागतो आणि तो फेब्रुवारीच्या मध्यापासून होणाऱ्या सोडतीतून मिळतो. मधल्या, सर्वांत रमणीय भागाच्या परवान्यांवर तर अर्जांचा पाऊस पडतो. बहुतेकांच्या पदरी निराशाच येते. याउलट जो सकाळी चढून त्याच दिवशी उतरतो, त्याला वाटेच्या तोंडाशी ठेवलेली विनामूल्य चिठ्ठी स्वतः भरली की पुरते. परिणाम असा, की जी वाट दोन-तीन मुक्कामांत रमतगमत चालावी, तीच असंख्य लोक एका दमात पार करू पाहतात. नियम जागेचे रक्षण करतो. चालणाऱ्याच्या गुडघ्यांची काळजी वाहणे हे त्याचे काम नाही.

वाटेचे आकडे प्रथम नीट पाहावेत. ‘स्टुअर्ट लेक’ या वाहनतळापासून सुरुवात आणि ‘स्नो लेक्स’ या दुसऱ्या वाहनतळाशी शेवट. अंतर सुमारे 18 ते 19 मैल, म्हणजे 29-30 किलोमीटर. एकूण चढ सुमारे 4,500 फूट आणि उतार सुमारे 6,500 फूट. प्रारंभाची जागा शेवटच्या जागेहून सुमारे दोन हजार फूट उंच असल्यामुळे जाणते लोक याच दिशेने चालतात. उलट दिशेने गेल्यास तेवढा चढ पदरात जास्त पडतो. वाटेतले पहिले मोठे सरोवर कोलचक सुमारे 1,700 मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याहून उंच ठिकाणी पोहोचल्यावर या वाटेचा खरा चढ सुरू होतो.

तो चढ म्हणजे आसगार्ड खिंड. सरोवराच्या काठावरून, मोटारीएवढ्या शिळांच्या राशी ओलांडून खिंडीच्या पायथ्याशी यावे लागते आणि तेथून मैलभराच्या आतबाहेर अंतरात सुमारे 2,200 फूट उभे चढावे लागते. आतकरवाडीहून सिंहगडाची पायवाट चढणाऱ्यांना कल्पना यावी म्हणून सांगायचे तर साधारण तेवढीच उंची, पण निम्म्या अंतरात, सुट्या दगडधोंड्यांवरून आणि आधी दहा किलोमीटरच्या आसपास चालून झाल्यावर. खिंडीचा माथा सुमारे 7,800 फुटांवर आहे.

आता तासांचा हिशेब मांडू. हा हिशेब तरुण धावपटूंचा नाही. नियमित चालणाऱ्या, पण नोकरीच्या खुर्चीत आठवडा घालवणाऱ्या माणसांचा आहे. पहाटे पाच वाजता निघालेली मंडळी साडेसातला कोलचकच्या काठी येतात. काठाकाठाने खिंडीच्या पायथ्याशी साडेआठ. खिंडीचा माथा साडेदहा. तेथून पुढे आयसोलेशन, इन्स्पिरेशन, परफेक्शन, लेप्रेकॉन, व्हिव्हियन अशी एकाखाली एक सरोवरे लागतात. येथे पाय आपोआप मंदावतात, डबा उघडला जातो, छायाचित्रे निघतात आणि दुपारचे दीड-दोन वाजतात. व्हिव्हियनच्या खालच्या गुळगुळीत खडकात लोखंडी सळ्यांच्या पायऱ्या ठोकलेल्या आहेत; तेथून स्नो सरोवरांपर्यंतचा उतार तीव्र आहे. तेथे पोहोचेपर्यंत साडेतीन. आणि मग उरतात साडेसहा मैल व चार हजार फुटांची उतरण. थकल्या पायांनी तिला चार तास द्यावेच लागतात. खाली पोहोचायला संध्याकाळचे साडेसात.

म्हणजे साडेचौदा तास झाले. जुलैच्या अखेरीस त्या अक्षांशावर सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा हातात तास-सव्वा तास शिल्लक राहतो. परंतु बहुतेकांना जायचे असते ते सप्टेंबरच्या शेवटी, कारण त्या काळात तेथील लार्च वृक्षांची पाने झडण्यापूर्वी सोनेरी होतात आणि ग्रॅनाइटच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो देखावा अपूर्व दिसतो. तेव्हा मात्र सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्याच सुमारास मावळतो. जुलैत पंधरा तासांचा असलेला दिवस बारा तासांवर आलेला असतो. खर्च तोच, जमा तीन तासांनी कमी! हा तुटवडा डोक्यावरच्या दिव्याने भरून काढता येतो. पण मग पहाटेचे दोन तास अंधारात चालायचे आणि सर्वांत थकलेल्या अवस्थेतला शेवटचा टप्पाही अंधारात उतरायचा, हे घरून निघण्यापूर्वीच कबूल केलेले असावे. प्रत्येकाजवळ स्वतंत्र दिवा आणि जादा बॅटरी हवीच. मोबाइलच्या दिव्यावर विसंबणे हा शुद्ध वेडेपणा होय.

या हिशेबातली सर्वांत महत्त्वाची नोंद खिंडीच्या पायथ्याशी होते. कोलचकपर्यंत आलेला माणूस केव्हाही मागे फिरू शकतो. आल्या वाटेने चार मैल उतरले की गाडी. खिंड चढून वर गेल्यावर मात्र मागे फिरणे म्हणजे तीच भयंकर उतरण पुन्हा, आणि पुढे जाणे म्हणजे बारा मैल. मधे कोठेही रस्ता नाही, आसरा नाही, मोबाइलला संदेशवहन नाही. म्हणून परत फिरण्याची वेळ घरी, जेवणाच्या टेबलावर, सर्वांच्या संमतीने ठरवून कागदावर लिहावी. जुलैत पायथ्याशी साडेनऊपर्यंत आणि सप्टेंबरअखेर साडेआठपर्यंत सारी मंडळी आली नाहीत, तर त्या दिवशी खिंड चढायची नाही. ‘सारी मंडळी’ याचा अर्थ सर्वांत मागे राहिलेला माणूस. पुढे असलेल्या दोघांचे घड्याळ येथे कामाचे नाही.

ही वेळ तेथेच ठरवू म्हटले तर काय होते? समोर निळेशार सरोवर असते, वर खिंड खुणावत असते, रजा आधीच खर्ची पडलेली असते, आणि गुडघा दुखणारा मनुष्य सर्वांचा हिरमोड होईल म्हणून बोलत नाही. आपल्याकडच्या कुटुंबांत तर ज्येष्ठ माणूस मुलांपुढे, आणि सून सासऱ्यांपुढे, ‘मला झेपत नाही’ हे म्हणतच नाही. कागदावरची वेळ त्या सर्वांच्या वतीने बोलते.

दुसरी अट हिमाची. खिंडीवरचे हिम पुष्कळदा जुलैतही शिल्लक असते आणि त्याच्या पोटातून पाण्याचा प्रवाह वाहत असतो. वरून घट्ट दिसणारे हिम खालून पोखरलेले असते. त्यावरून घसरत खाली येण्याच्या नादात प्रवाहाच्या विवरात पडून येथे माणसे दगावली आहेत. बुटांना लावायचे काटे आणि हिमकुऱ्हाड वापरण्याचा सराव नसेल त्यांनी हिम वितळेपर्यंत थांबावे. ऑगस्टमध्ये वाट मोकळी होते, पण वणव्यांचा धूर दरीत उतरण्याचा काळही तोच. निघण्याच्या आदल्या दिवशी वनविभागाची सूचना, हवामान आणि हवेची शुद्धता या तिन्ही गोष्टी पाहाव्यात.

पूर्वतयारीविषयी फार लिहिण्याची गरज नाही, एक गोष्ट मात्र हटकून विसरली जाते. लोक चढण्याचा सराव करतात, उतरण्याचा करीत नाहीत. सिएटलजवळ माउंट साय नावाचा डोंगर आहे. जाऊन-येऊन आठ मैल आणि सुमारे 3,150 फुटांचा चढ. पाठीवर सहा-सात किलो घेऊन तो पाच तासांत करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला जिना धरून उतरावे लागते का, ते पाहावे. लागत असेल तर आणखी महिनाभर थांबावे. चालण्याच्या दोन काठ्या जवळ असाव्यात. त्या म्हातारपणाचे लक्षण आहेत असे समजणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याशी वाद घालू नये, काठ्या घ्याव्यात.

साठीपुढच्या पालकांसाठी सरळ सल्ला असा, की कोलचकपर्यंतच जावे. जाऊन-येऊन आठ मैल आणि सुमारे 2,200 फूट चढ, हेही काही थोडे नाही. ‘कोलचक’ हा शब्द त्या भागातील जुन्या चिनुक व्यापारी बोलीतला असून त्याचा अर्थ ‘थंड पाणी’ असा आहे. काठावर बसून आसगार्डची खिंड पाहावी, पाय पाण्यात बुडवावेत, दुपारपर्यंत खाली यावे. मुलाने पुढे जायचे असेल तर त्याने दुसऱ्या दिवशी, आपल्या वयाच्या सोबत्यांबरोबर जावे. एकाच गटात वडिलांचा दिवस आणि मुलाचा दिवस बसवू नये. पालकांचा प्रवासी विमाही याच वेळी काढून वाचावा. आधीपासूनच्या आजारांना आणि डोंगरावरील अपघातांना तो लागू आहे का, हे छापील अटींतच कळते.

नावांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर. वनविभागातील अधिकारी आणि सर्वेक्षक ए. एच. सिल्व्हेस्टर यांनी या प्रदेशातील हजाराहून अधिक स्थळांना नावे दिली. ‘एन्चँटमेंट’ हेही त्यांचेच. पुढे बिल आणि पेग स्टार्क या दांपत्याने वरच्या भागाला नॉर्स पुराणांतील नावे दिली, त्यांतलेच देवांचे नगर आसगार्ड. शेवटी लागणाऱ्या स्नो सरोवरांमधला बांध मात्र कोणत्याही पुराणातला नाही. खालच्या मत्स्यबीज केंद्रासाठी आणि फळबागांसाठी उन्हाळ्यात पाणी सोडता यावे म्हणून तो आहे आणि पायवाट थेट त्याच्यावरून जाते. एवढ्या निर्जन जागी काँक्रीट पाहून क्षणभर नवल वाटते.

वाटेवर पांढऱ्या पहाडी शेळ्या भेटतात. त्या माणसाला घाबरत नाहीत, कारण त्यांना मीठ हवे असते. घामाने भिजलेला पट्टा त्या चाटतात, आणि माणसाने लघवी केलेली जमीनही खुरांनी उकरतात. तेथील नाजूक वनस्पती एकदा उखडल्या की पुन्हा रुजायला वर्षे लागतात. म्हणून लघुशंका वाटेपासून दूर, उघड्या खडकावर करावी, आणि शेळ्यांपासून पन्नास यार्ड अंतर राखावे. त्यांना काही खाऊ घालू नये. तो उपकार ठरत नाही.

खाण्याचे सामान आपल्या घरांत तयारच असते. खाकरा, कोरडे ठेपले, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी. भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला थोडे खावे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्यांनी स्नो सरोवरांच्या काठी शेवटचा डबा उघडावा. सप्टेंबरात त्यापुढे तशी सोय नाही. पाणी दोन लिटर बरोबर घ्यावे आणि पुढे सरोवरांतून गाळणीयंत्राने भरून घ्यावे. पाणी कितीही स्फटिकासारखे दिसले तरी ते तसेच पिऊ नये, हे पाणी गाळून-उकळून पिणाऱ्या घरांना सांगावे लागत नाही.

खर्चाच्या अंदाजात लेव्हनवर्थमधल्या दोन रात्री धराव्यात, एक नव्हे. सिएटलहून तेथे पोहोचायला दोन-अडीच तास लागतात. मध्यरात्री निघून गाडी चालवत जाणे जसे वाईट, तसे साडेचौदा तास चालून झाल्यावर रात्री घाट ओलांडून परतणे अधिक वाईट. दुसऱ्या रात्रीचे भाडे वाचवणाऱ्याला त्या गाडीत झोपलेल्या इतर चौघांचाही विचार करावा लागेल. जाण्याचा दिवस, गाडीचा क्रमांक, परतण्याची अपेक्षित वेळ आणि ती टळल्यास किती वाजता 911 वर कळवावे, हे सारे घरी राहणाऱ्या एका माणसाकडे लेखी द्यावे. त्या राज्यात शोध आणि सुटकेची जबाबदारी काउंटीच्या शेरीफकडे असते. त्यांना पहिला प्रश्न पडतो तो माणसे कोणत्या वाटेने गेली हाच.

राहिला प्रश्न दोन वाहनतळांचा. त्यांच्यामधले अंतर रस्त्याने सुमारे आठ मैल आहे. पैसे घेऊन प्रारंभी सोडणाऱ्या गाड्या हंगामात मिळतात, त्यांचे आरक्षण लवकर करावे. स्वतःच्या दोन गाड्या असतील तर आदल्या संध्याकाळी एक स्नो लेक्सच्या तळावर उभी करून ठेवावी, दोन्ही गाड्यांसाठी वाहनतळाचा पास लावावा आणि पहाटे दुसरीतून वर जावे. खाली ठेवलेल्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत राहणार नाही, एवढे पहाटे पाच वाजता एकाने मोठ्याने विचारावे आणि दुसऱ्याने किल्ली हातात धरून दाखवावी.